नाव शहराचं, खाण गावाची

जुन्या हिऱ्यांच्या लिलावात एखाद्या खड्याला ‘गोवळकोंडा’ हे नाव लागलं की त्याची किंमत चढते. प्रत्यक्षात गोवळकोंड्याच्या टेकडीतून हिरा कधी निघाला नाही. ती टेकडी ग्रॅनाइटची. वर बालाहिसार, खाली कारवानची पेठ. हिरे तिथे येत, पारखले जात, विकले जात. निघत ते दूर कृष्णेच्या काठी, कोल्लूरसारख्या गावांत. सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये तिथे गेला होता. गोवळकोंड्याहून सात दिवसांची वाट होती, असं तो लिहितो. तिथे साठ हजार माणसं कामाला होती, पुरुष खणत आणि बायका-मुलं माती वाहत, असंही त्याने नोंदवलं आहे. माती बुटक्या भिंतींच्या आवारात पसरायची, तिच्यात पाणी सोडून चिखल वाहू द्यायचा, उरलेला गाळ उन्हात वाळवायचा, सुपाने पाखडायचा, ढेकळं फोडायची आणि मग रांगेने बसून हातांनी खडे शोधायचे. कोहिनूर कोल्लूरचाच, असं परंपरेने मानलं जातं. एवढं सगळं करणाऱ्या माणसांना मजुरी अगदी तुटपुंजी मिळत होती, हेही ताव्हेर्नियेनेच लिहून ठेवलं आहे.

ते कोल्लूर आज पुलिचिंतला धरणाच्या पाण्याखाली आहे. गोवळकोंड्याला तिकीट काढून रांगेने माणसं जातात, संध्याकाळी ध्वनिप्रकाशाचा खेळ असतो, शेजारच्या कुतुबशाही कबरींचा आगा खान ट्रस्टने मोठ्या निगुतीने जीर्णोद्धार केला आहे. त्याचं मोल मी कमी लेखत नाही. पण ज्या गावाने या वैभवाचा कच्चा माल पुरवला, तिथल्या एकाही माणसाचं नाव आपल्याला माहीत नाही, आणि आता उभं राहून पाहायला जागाही उरलेली नाही.

या प्रस्तावनेच्या सुरुवातीला कोल्लूर आणलं ते मुद्दाम. पुढच्या पानांत ज्या खाणगावांविषयी लिहिलं आहे, त्यांच्यापुढे आज तोच प्रश्न उभा आहे. खाणगाव खाण संपल्यावर जगतं की नाही, हे खाण चालू असतानाच ठरतं, असं माझं मत आहे. या संग्रहातले लेख वाचताना ते अधिक पक्कं झालं.

हैदराबादचा विचार करायचा तर पहिलं गाव येल्लंदु. खम्ममच्या पलीकडे जंगलाचा आणि बसक्या डोंगरांचा मुलूख सुरू होतो, तिथे हे गाव आहे. १८७१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डॉ. विल्यम किंग यांना इथे कोळसा सापडला. आजही खाणीतले जुने लोक एका थराला ‘किंग सीम’ म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून. १८८६ मध्ये इंग्लंडात नोंदलेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने खाणकामाचे हक्क मिळवले आणि १८८९ मध्ये येल्लंदुत कोळसा निघू लागला. निजामाच्या रेल्वेची इंजिनं त्यावर धावू लागली. डोर्णकलहून एक फाटा थेट खाणीपर्यंत आला. शेजारच्या सिंगरेणी खेड्याचं नाव कंपनीने घेतलं आणि २३ डिसेंबर १९२० रोजी सिंगरेणी कॉलिअरीज कंपनी नोंदली गेली. १९४५ मध्ये निजाम सरकारने तिचे बहुतांश समभाग विकत घेतले. देशातली कोळशाची पहिली सरकारी मालकीची कंपनी ती हीच. आज तिचे ५१ टक्के तेलंगणाकडे, ४९ टक्के केंद्राकडे आहेत.

नावाचा प्रवास इथेही कोल्लूरसारखाच झाला. सिंगरेणी हे नाव देशभर गेलं, पण सिंगरेणी खेडं कुठे आहे ते हैदराबादेतल्या शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येणार नाही. कंपनीचं मुख्यालय कोत्तागुडेमला गेलं आणि मोठ्या खाणी उत्तरेला गोदावरीकाठी रामगुंडम, मंचेरियाल, बेल्लमपल्लीकडे सरकल्या. कोत्तागुडेमच्या रेल्वे स्थानकाचं नावसुद्धा भद्राचलम रोड. तिथून चाळीसेक किलोमीटरवर गोदावरीकाठी राममंदिर आहे, म्हणून ते नाव. यात्रेकरू उतरतात, बस पकडतात आणि ज्या गावाच्या स्थानकावर उतरले त्याच्याकडे न पाहता पुढे जातात. किन्नेरसानीचं धरण आणि अभयारण्यही वाटेवरच आहे. जंगल, पाणी, डोंगर, आदिवासी कोया वस्त्या आणि सव्वाशेहून अधिक वर्षांचा खाणीचा इतिहास, एवढं सगळं एका दिवसाच्या फिरतीत बसतं. तरी या भागाला कुणी पर्यटनाच्या नकाशावर सलग रेषेने जोडलेलं नाही.

अगदीच काही झालं नाही, असं नाही. २०२२ च्या अखेरीस तेलंगणाच्या एसटीने सिंगरेणीबरोबर ‘सिंगरेणी दर्शन’ नावाची सहल सुरू केली. हैदराबादहून बसने जाऊन रामगुंडमची भूमिगत खाण, उघडी खाण आणि जयपूरचं औष्णिक वीजकेंद्र पाहायचं. आपल्याकडे नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांनी २०१६ मध्ये अशीच सुरुवात केली. तिथे भूमिगत खाणीत उतरता येतं आणि गोंडेगावची उघडी खाणही दाखवली जाते. दोन्ही उपक्रम मला मनापासून आवडले. घरातला दिवा कुठून पेटतो, ते शाळेतल्या मुलांनी एकदा तरी पाहायलाच हवं.

एका गोष्टीची मात्र उणीव जाणवते, आणि ती लहान नाही. उघड्या खाणीच्या काठावरून आपल्याला दिसतात ती यंत्रं. भलेमोठे डंपर, फावडी, ड्रॅगलाइन. माहिती सांगणाराही टनांत आणि मेगावॉटमध्ये सांगतो. माणूस दिसत नाही. आणि खाणगावाकडे दाखवण्यासारखं खरं काही असेल तर ते माणसाचं कसब आहे.

एकच उदाहरण देतो. भूमिगत खाणीत पाळी सुरू होताना माणसांआधी सिरदार आत जातो. त्याच्या हातात काठी असते. त्या काठीने तो छत ठोकत पुढे सरकतो. छत पक्कं असेल तर आवाज खणखणीत येतो. वरचा दगड थरापासून सुटला असेल तर आवाज पोकळ, भद्द येतो. दुसरा हात तो छताला टेकवून ठेवतो, कारण कान फसला तरी बोटांना थरथर कळते. सुटलेला दगड एकतर पाडायचा, नाहीतर त्याखाली टेकू द्यायचा, आणि तोवर कुणालाही पुढे सोडायचं नाही. वातीच्या दिव्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली की वायू आहे, हे ओळखायचंही कसब असंच. कागदावरचा नियम कुणालाही वाचता येतो, पण आवाजातला फरक शिकायला वर्षं जातात. ज्याने तीस वर्षं छत ठोकलं तो माणूस निवृत्त होऊन कॉलनीतल्या ओट्यावर बसलेला असतो. पाहुण्यांना खाणीत न्यायचा पहिला हक्क त्याचा.

वेल्समध्ये ब्लेनावॉनच्या बिग पिट खाणीने नेमकं हेच केलं. १९८० मध्ये खाण बंद झाली आणि १९८३ मध्ये ती संग्रहालय म्हणून उघडली. मार्गदर्शक म्हणून नेमले ते त्याच भागातले खाणकामगार. पाहुण्याच्या डोक्यावर दिव्याची टोपी चढते, काडेपेटी वर ठेवून घेतली जाते आणि पिंजऱ्यातून नव्वद मीटर खाली उतरवणारा माणूस आपल्या गावच्या गोष्टी सांगतो. २००० मध्ये ब्लेनावॉनचा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. खाण बंद झाल्यापासून संग्रहालय उघडेपर्यंतचा काळ तीन वर्षांचा आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावं. तीन वर्षांत माणसं पांगत नाहीत. वीस वर्षं गेली असती तर दिवे भंगारात गेले असते आणि माणसं लेकीसुनांकडे शहरात.

आपल्याला अधिक जवळचं उदाहरण सुमात्रातलं आहे. तिथल्या सावाहलुंटो या डोंगरांत वसलेल्या छोट्या गावाची कहाणी येल्लंदुच्या कहाणीला समांतर जाते. काळही तोच. डच अभियंत्याला तिथे कोळसा सापडला तो १८६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि १८९० च्या दशकात तो निघू लागला. डोंगर फोडून समुद्रापर्यंत रेल्वे नेली. मजूर कमी पडले तेव्हा कैदी आणले, पायांत बेड्या घालून त्यांना खाणीत उतरवलं. खाण उताराला लागली तशी गावाने ठरवलं की ही गोष्ट लपवायची नाही. हजारो मजुरांचं जेवण जिथे शिजत होतं ते सार्वजनिक स्वयंपाकघर आज संग्रहालय आहे, आणि तिथले प्रचंड भात शिजवायचे हंडे पाहिल्यावर त्या खाणीत किती माणसं होती हे वेगळं सांगावं लागत नाही. २०१९ मध्ये युनेस्कोने सावाहलुंटोची ही सगळी ‘ओंबिलीन’ खाणव्यवस्था जागतिक वारसा म्हणून नोंदली. वसाहतीच्या काळातलं दुःखसुद्धा नीट मांडलं तर लोक आदराने पाहायला येतात, हे त्या छोट्या गावाने दाखवून दिलं.

दुसरी वाटही आहे, आणि तिच्याविषयी सावध राहायला हवं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरांत टेल्युराइड नावाचं गाव आहे. तिथल्या खाणी १९७० च्या दशकात आटोपल्या. त्याच दशकात बर्फावरचे खेळ आले, चित्रपट महोत्सव आला, गाव जगभर गाजलं. आज तिथे राहणं इतकं महाग झालं आहे की हॉटेलांत आणि दुकानांत राबणाऱ्यांनाच गावात घर परवडत नाही. गाव वाचलं, पण ज्यांच्या हातांनी ते उभं राहिलं त्यांच्यासारख्या माणसांना तिथे जागा उरली नाही. आपल्याकडे रिसॉर्टवाल्यांच्या हाती किन्नेरसानीचा काठ गेला तर याहून वेगळं काय होईल? म्हणून मुक्काम कॉलनीतल्या रिकाम्या क्वार्टरांत, जेवण तिथल्या बायकांच्या हातचं, वाटाड्या गावातला, असा आग्रह या पुस्तकात जागोजागी आहे. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

मराठी वाचकाला हा विषय परक्या राज्याचा वाटण्याचं कारण नाही. सिकंदराबादहून नागपूरला जाणारी गाडी रामगुंडम, मंचेरियाल, बेल्लमपल्ली, कागजनगर असं करत बल्लारशाला पोचते आणि पुढे चंद्रपूर. काजीपेठ ते बल्लारशा हा दुवा १९२९ मध्ये पूर्ण झाला. हैदराबादेतल्या किती मराठी घरांच्या लग्नकार्यांची ये-जा याच मार्गावरून झाली असेल! वर्धा नदीपलीकडचा राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. बल्लारपूरच्या खाण वस्त्यांत तेलुगू आणि मराठी एकाच नळावर ऐकू येतात. कोळशाच्या थराने राज्यांच्या सीमा कधी ओळखल्याच नाहीत, आणि त्यामागे गेलेल्या माणसांनीही नाहीत.

खाण संपणं काय असतं, तेही विदर्भाने फार आधी पाहिलं. वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण होती, तिच्यासाठी वर्धेहून रेल्वे आणली होती. ती खाण १९०६ मध्ये बंद झाली. पुढे १९४९ मध्ये त्याच वरोऱ्याजवळच्या ओसाड जमिनीवर बाबा आमटे यांनी आनंदवन उभं केलं आणि गावाला नवी ओळख मिळाली. पण वरोऱ्यात एकेकाळी खाण होती, हे आनंदवन पाहायला येणाऱ्या किती जणांना कुणी सांगतं?

चंद्रपूरचं चित्र अधिक बोलकं आहे. ताडोब्याला जाणारा पर्यटक चंद्रपुरातून जातो, गाडीची काच वर करतो आणि धूळ मागे टाकून वाघाकडे धावतो. ज्या शहरातून तो गेला ते गोंड राजांचं तटबंदीचं शहर आहे. सुमारे अकरा किलोमीटरचा परकोट, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे. त्या तटावर झाडं उगवली होती, बुरुजांवर कचऱ्याचे ढीग होते. २०१७ मध्ये बंडू धोत्रे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज सकाळी कुदळ-फावडी घेऊन तट साफ करायला सुरुवात केली. महिनोन्‌महिने ते काम चाललं. सरकारी निविदा नव्हती, कंत्राटदार नव्हता. मग त्याच तटावरून लोकांना फिरवणं सुरू झालं, आपल्या शहरात किल्ला आहे हे चंद्रपूरकरांनाच नव्याने कळलं. कोळशाच्या गावात वारसा जपायची सुरुवात अशी हाताने झाली, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि कला? ती बाहेरून आणायची गरजच नाही. कोळशाच्या या पट्ट्याला लागून पूर्वेकडे झाडीपट्टी आहे. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक मंडळ्यांच्या तारखा भरू लागतात, गावोगाव मंडप पडतात, रात्रभर नाटक चालतं. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. तेलंगणाच्या बाजूला आदिलाबादच्या गोंड वस्त्यांत दिवाळीच्या दंडारीत गुस्साडी नाचतात, डोक्यावर मोरपिसांचे टोप चढवून. मार्लवाईचे कनक राजू यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. उशेगावचे कारागीर मेणाचा साचा करून पितळेच्या मूर्ती ओततात, आणि आदिलाबादच्या या ढोकरा कामाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. खाण पाहून संध्याकाळी बसने परत जाणाऱ्या पाहुण्याला यातलं काहीच भेटत नाही. तो एक रात्र राहिला तर भेटेल.

खुद्द हैदराबादविषयी या संग्रहात एक प्रकरण आहे, आणि ते इथे का, असा प्रश्न पडू शकतो. माझ्या मते ते हवंच होतं. हैदराबाद हे स्वतःच दगडाच्या खाणींचं डोंगरी गाव आहे. अडीच अब्ज वर्षांचा ग्रॅनाइट, एकावर एक तोलून ठेवल्यासारख्या शिळा, आणि त्या फोडून उभ्या राहिलेल्या इमारती. उस्मानिया विद्यापीठाची कला महाविद्यालयाची इमारत याच दगडातली. शहराच्या कडेच्या अनेक शिळांवर ओळीने पाडलेली वीतभर अंतराची भोकं दिसतात. वडारांनी सुतकी-छन्नीने ती पाडायची, प्रत्येकात पाचर बसवायची, मग घणाचे ठोके एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे देत जायचं. दहाव्या-बाराव्या फेरीला आतून चर्रर आवाज येतो आणि हत्तीएवढी शिळा सरळ रेषेत दुभंगते. सुरुंगाने शिळेचा चुरा होतो, पाचरेने तिचा खांब निघतो. तेलुगूत ज्यांना वड्डेर म्हणतात आणि आपण वडार, त्यांचं हे कसब दोन्ही राज्यांतल्या घाटांत, धरणांत, देवळांत आहे.

१९९६ मध्ये ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ स्थापन झाली आणि फ्राउके क्वादर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी या शिळा वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. काही शिळांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला छत्रीसारखा खडक आणि शिल्पारामम्‌मधला अस्वलाच्या नाकासारखा खडक लोक हौसेने पाहतात. खाजागुड्याच्या टेकड्यांवर सकाळी तरुण मुलं-मुली शिळांवर चढण्याचा सराव करतात. मात्र शिळा वाचवणाऱ्यांच्या बैठकीत वडार फारसे नसतात, आणि चढणाऱ्या मुलांना ती भोकं कुणी पाडली ते ठाऊक नसतं. दगड फोडणाऱ्याला निसर्गाचा शत्रू ठरवून बाजूला सारलं तर निम्मा इतिहास गेलाच. दगडाची शीर कुठे आहे हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नाही, गिर्यारोहकांनी त्याच्याकडून शिकावं.

धोक्यांविषयीही बोललंच पाहिजे. सोडून दिलेल्या उघड्या खाणीत पाणी साचतं, वरून ते निळंशार दिसतं आणि काठ मात्र ठिसूळ असतो. भूमिगत खाणीवरची जमीन वर्षांनंतरही खचू शकते. कोळशाचा थर आपोआप पेट घेतो आणि धुमसत राहतो. म्हणून बंद खाण म्हणजे आयतं सहलीचं ठिकाण, हा समज घातक आहे. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांपासून प्रत्येक कोळसा खाणीला बंद करण्याची योजना आधीच द्यावी लागते आणि त्यासाठी पैसे वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. त्या योजनांत मुख्य भर जमीन, पाणी, झाडं आणि सुरक्षितता यांच्यावर असतो. तो असायलाच हवा. त्याच योजनेत दिवाघर, हजेरीची पुस्तकं, जुने नकाशे, मृतांची नोंद आणि कामगारांच्या मुलाखती यांच्यासाठी एक कलम घातलं तर खर्च असा कितीसा वाढेल? पंप काढून घेतला की पाणी चढतं आणि मग काहीच वर काढता येत नाही.

हैदराबादेतल्या मराठी माणसाला या कामात एक खास जागा आहे. तो तेलुगूत बाजार करतो, दखनीत भांडतो आणि मराठीत लिहितो. इथल्या मराठी साहित्य परिषदेने आणि ग्रंथालयांनी दोन भाषांमधली ये-जा पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवली आहे. येल्लंदुपासून सावनेरपर्यंतचा कोळशाचा पट्टा एका सलग प्रवासात बांधायचा झाला तर दोन राज्यं, दोन कंपन्या आणि दोन भाषा यांच्यात बसून बोलणारी माणसं लागतील, आणि ती याच शहरात आहेत. बेल्लमपल्लीच्या कामगाराची तेलुगूतली हकीकत बल्लारपूरच्या शाळेत मराठीत वाचली जावी आणि राजुऱ्याकडच्या सास्तीच्या कामगाराची मराठीतली हकीकत कोत्तागुडेममध्ये तेलुगूत. ध्वनिमुद्रणाला हातातला फोन पुरतो. प्रश्नही साधेच आहेत: पहिल्या दिवशी खाली कोण घेऊन गेलं, छत ठोकायला कुणी शिकवलं, डब्यात काय असायचं, कोण परत आलं नाही. या पुस्तकाच्या शेवटी अशा प्रश्नांची यादी दोन्ही भाषांत छापली आहे. ज्यांचं गाव किंवा सासर या पट्ट्यात आहे, त्यांनी ती फाडून सोबत न्यावी.